न मागितलेल्या कथेचे मोल

माळव्यातील देवास जिल्ह्यात हाटपिपल्या नावाचे एक गाव आहे. भाद्रपद शुद्ध एकादशीस तिकडे डोल ग्यारस म्हणतात. त्या दिवशी तेथील नृसिंहमंदिरातील देवाची पाषाणमूर्ती वाजतगाजत भमोरी नदीवर नेण्यात येते व पाण्यावर सोडण्यात येते. मूर्ती तरंगते अशी त्या स्थानाची ख्याती असून तिच्या तरंगण्यावरून येत्या वर्षाचा कौल घेण्याची प्रथा आहे. काठावर मोठा जनसमुदाय उभा असतो. त्यांतील प्रत्येक जण घरी जाऊन आपण काय पाहिले ते सांगतो, आणि त्या सांगण्यातूनच त्या देवस्थानाची कथा पुढल्या पिढीच्या हाती जाते. ऐकणाऱ्याचा विश्वास बसो वा न बसो, सांगणारा कोण, तो कोठे उभा होता, हे त्यास विचारता येते.

आज हीच कथा यंत्रास सांगावयास लावता येते. १९५० च्या दशकात ज्या विद्येस कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव मिळाले, ती २०२२ सालच्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आली आहे. मनुष्याने लिहून ठेवलेला अफाट मजकूर या यंत्रांस पचविण्यास दिलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, याचा हिशेब ती त्यातून बांधतात आणि त्या बळावर मागाल तशी रचना करून देतात. ओवी मागा, ओवी मिळेल. माहात्म्य मागा, माहात्म्य मिळेल. देव तरंगला असे हवे असेल तर तसे, बुडाला असे हवे असेल तर तसेही मिळेल. रचना पुष्कळदा सुबक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या रचनेमागे काठावर उभे राहिलेले कोणी नसते.

अशा काळात ख्रिस्ती धर्मभावनेतून निर्माण झालेल्या कथावाङ्मयाचे मोल काय, असा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत. देवस्थानांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटेल. आपल्या पुराणांची, कहाण्यांची, आख्यानांची चिंता सोडून परधर्मीयांच्या कथांची उठाठेव कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास गोमंतकापासूनच सुरू होतो.

सोळाव्या शतकात साष्टी व आसपासच्या महालांत देवळांवर जो प्रसंग ओढवला तो आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आला, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. देवांबरोबर माणसे आली. ज्यांस येता आले नाही ती तेथेच राहिली आणि पुष्कळांनी नवा धर्म स्वीकारला. याच काळात, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तेथेच राहिला. त्याने येथील भाषा आत्मसात केली, कोंकणीचे व्याकरण रचिले आणि मराठी ओवीत सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

हे पुराण का लिहावे लागले, हे त्या ग्रंथाच्या आरंभीच येते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण त्यास विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही आम्हांस का देत नाही? या एका प्रश्नात केवढी व्यथा भरली आहे! देवळे पाडता आली, पोथ्या हिरावता आल्या. परंतु सायंकाळी चार माणसांनी एकत्र बसून ओव्या ऐकण्याची जी भूक होती ती कोणत्याही हुकुमाने मिटली नाही. स्टीफन्सने ती भूक ओळखली आणि तिची तृप्ती त्याच ओवीने केली, जी ज्ञानदेवांपासून एकनाथांपर्यंत महाराष्ट्राने घडविली होती. मराठीची त्याने जी थोरवी गायिली, ती अभ्यासकांस सुपरिचित आहे.

स्टीफन्सचे हे काम निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. ज्या सत्तेच्या छायेत तो लिहीत होता त्या सत्तेने आमच्या पूर्वजांवर जे केले ते ओव्यांच्या गोडव्याने पुसले जात नाही. तथापि त्याच सत्तेने १६८४ साली गोव्यात देशी भाषेच्या वापरावरच बंदी घालणारा हुकूम काढला, म्हणजे स्टीफन्सने जिवापाड जपलेल्या वाणीलाही तिने सोडले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सतराव्या शतकात ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांतून. १९०७ साली मंगळूर येथे साल्ढाना यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. ज्या मराठी वाचकांच्या पूर्वजांस हा ग्रंथ परका होता, त्यांनीच तो आपल्या भाषेचा ठेवा म्हणून जवळ केला. गोमंतकातील त्या दोन शतकांची भाषा, तिचा लोकव्यवहार आणि माणसांच्या मनाची ओढाताण जाणण्यास यासारखे साधन थोडेच आहे.

गोव्याकडून घाट चढून बेळगावास आलो की दुसरा प्रसंग दिसतो. तेथे १८३१ साली बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तत्पूर्वी हरि केशवजी यांनी १८४१ साली बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले होते. परंतु ती परदेशची यात्रा होती. पदमनजींची यमुना मात्र आपल्याच मुलखातून, आपल्याच रस्त्यांनी हिंडते. ती व तिचा पती विनायक प्रवासास निघतात, आणि ठिकठिकाणी त्यांस विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे यमुनेवरच वैधव्याचा घाला पडतो. शेवटी ती ख्रिस्ती धर्माच्या आश्रयास जाते.

हे पुस्तक प्रचारासाठी लिहिलेले आहे, ही गोष्ट ते स्वतःही लपवीत नाही. आपल्या धर्माची बाजू त्यात न्यायाने मांडली आहे असे त्या काळच्या सनातनी वाचकास वाटले नसेल, आणि आजही कित्येक पृष्ठे वाचताना मन खिन्न होते. पण विधवांचे दुःख तेवढे खोटे होते काय? केशवपनाचा वस्तरा, अंधारी खोली, तिच्या वाट्याचे उष्टे अन्न आणि घरात तिचे नाव घेण्याचाही विटाळ, हे लेखकाने कल्पनेतून आणलेले नव्हते. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु कायद्याने घरातले दार उघडत नाही. त्या दारापाशी उभे राहून मराठी कथेने पहिली हाक मारली, ती आपले घर सोडून गेलेल्या एका माणसाच्या तोंडून.

पुढे काय झाले, हे आणखी बोधप्रद आहे. १८९० पासून हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तिच्या नायिकेचेही नाव यमूच. तीही विधवा होते, तिच्याही मस्तकावर वस्तरा फिरतो. आपट्यांनी हे नाव पूर्वीच्या पुस्तकावरून घेतले असे आमचे म्हणणे नाही. यमुना हे नाव त्या काळी घरोघर होते. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, परधर्मात गेलेल्या लेखकाने जे दुःख आपल्या धर्माच्या समर्थनार्थ मांडले, तेच दुःख साडेतीन दशकांच्या आत स्वधर्मात राहिलेल्या लेखकाने कोणाचाही धर्म न सोडविता मांडले, आणि मग मात्र घराघरातून अश्रू वाहिले. परक्याने दाखविलेले व्यंग प्रथम अपमान वाटते. कालांतराने तेच आपले आपणांस दिसू लागते. न मागितलेल्या कथेचे मोल ते हेच. आपल्यापैकी कोणीही पदमनजींस ही गोष्ट लिहावयास सांगितली नव्हती. सांगितले असते तर ती तशी लिहिली गेली नसती.

आता पुन्हा माळव्याकडे वळू; कारण कथेचा तिसरा धागा हाटपिपल्याच्या त्याच देवास मुलखात सापडतो. अठराव्या शतकात पेशव्यांबरोबर उत्तरेस गेलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवास येथे आपले ठाणे बसविले. एकाच नगरात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने निर्माण झाली आणि १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत ती तशीच नांदली. राजवाड्यात मराठी रीतिभाती होत्या, टेकडीवर देवी होती, आणि गोकुळाष्टमीस थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज स्वतः देवापुढे उभे राहून भजन करीत. १९२१ साली या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने देवासास राहिला.

फॉर्स्टर धर्मनिष्ठ ख्रिस्ती घराण्यात वाढला होता. परंतु तरुणपणीच त्याची ती श्रद्धा सुटली होती. तेव्हा त्यास ख्रिस्ती कथाकार म्हणणे सरळ अर्थाने बरोबर होणार नाही. पण श्रद्धा सुटली तरी संस्कार सुटत नाही, आणि त्याच्या कथेत ख्रिस्ती मनाने हिंदू देवघराच्या उंबरठ्यावर उभे राहून विचारलेले प्रश्न आहेत. देवासच्या अष्टमीत त्याने धोतर-पागोटे घातले, अनवाणी मिरवणुकीत चालला आणि मातीचे गोकुळ तळ्यात विसर्जन होताना पाहिले. उत्सवातील गोंगाट, एकाच वेळी वाजणारी अनेक वाद्ये, सजावटीतील विसंगती त्यास खटकली व त्याने ती मोकळेपणी लिहिली. त्याच्या पत्रांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. पण ज्या कादंबरीची प्रकरणे तो अर्धवट घेऊन आला होता व जी येथे पुढे सरकत नव्हती, तिला तिचा शेवट या अष्टमीनेच दिला. ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही ती कादंबरी १९२४ साली निघाली. तिच्या तिसऱ्या भागाचे नावच ‘मंदिर’ असे आहे.

या भागात नारायण गोडबोले नावाचा दक्षिणी ब्राह्मण टाळ वाजवीत भजन करीत आहे. त्या भजनात तुकारामाचे नाव आहे; इंग्रजी कादंबरीत तुकोबा आले ते देवासच्या मराठी दरबाराच्या वाटेने. भजनाच्या रंगात गोडबोल्यास एक वृद्ध ख्रिस्ती बाई आठवते, जिला तो पूर्वी क्वचित भेटला होता. मग कधी काळी पाहिलेली एक गांधीलमाशी आठवते. दोहोंस तो आपल्या भक्तीत ओढून घेतो. त्यानंतर ती माशी ज्या दगडावर बसली होती त्या दगडासही प्रेमात घेऊ पाहतो, आणि तेथे मात्र त्याचे बळ अपुरे पडते. याच कादंबरीच्या आरंभी दोन मिशनरी देवाच्या घरी कोणाकोणास जागा मिळेल याची चर्चा करतात. माकडापर्यंत, कोल्ह्यापर्यंत विचार जातो, पण माशीपाशी आल्यावर तरुण पाद्री अडखळतो. ज्या माशीस त्या स्वर्गात जागा मिळेना, तिला अष्टमीच्या भजनात जागा मिळाली! ही आपली स्तुती आहे असे मानून कोणी हुरळून जाऊ नये, कारण दगडापाशी गोडबोलेही थांबला आहे. लेखकाने दोन्ही देवघरांची उंची मोजली आणि दोहोंची सीमाही दाखविली. आम्हीच आमच्या उत्सवाचे वर्णन केले असते तर ही सीमा आमच्या लेखणीतून उतरली असती काय, याची शंकाच आहे.

आणि याच लेखकाने, हिंदुस्थान पाहण्यापूर्वी, १९०९ साली, यंत्र बंद पडल्याची एक कथा लिहून ठेविली आहे हा योग विलक्षण होय. त्या कथेतील माणसे भूमीच्या पोटात, मधमाशांच्या घरांसारख्या एकेका खोलीत राहतात. अन्न, संगीत, औषध, संभाषण, सर्व काही कळ दाबताच यंत्र पुरविते. आई पृथ्वीच्या एका टोकास, मुलगा दुसऱ्या टोकास. एका चकतीवर त्यांस परस्परांची मुखे दिसतात. मुलगा म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटावयाचे आहे. आईस त्याचा हट्ट समजत नाही. तेथील विद्वान तर सांगतात की, प्रत्यक्ष पाहून केलेला विचार टाळावा, दुसऱ्याने दुसऱ्याचे ऐकून लिहिलेले तेच शुद्ध. हळूहळू लोक यंत्राच्या पोथीचीच पूजा करू लागतात. अखेरीस यंत्र थांबते, आणि मरणाच्या दारी आई व मुलगा एकमेकांस प्रथम स्पर्श करतात.

११५ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ही कथा आज वाचताना अंगावर काटा येतो. यंत्र बंद पडेल ही भीती त्यामागे नाही. यंत्र उत्तम चालत असताना माणसे एकमेकांचे ऐकणे सोडतील, ही भीती आहे. मागाल ते देणाऱ्या कथाकाराचा हा दोष यंत्राच्या कारागिरीत नाही, आमच्या मागण्यात आहे. मनुष्य स्वतःविषयी कथा मागतो तेव्हा तो सहसा स्तुती मागतो, आणि शत्रूविषयी मागतो तेव्हा निंदा मागतो. जी प्रचारपुस्तके हिंदू पात्रास केवळ अज्ञानाचा पुतळा करीत, ती म्हणूनच वाङ्मय म्हणून टिकली नाहीत. तसली पुस्तके लिहिण्यास पूर्वी निदान एका माणसास महिनेमहिने बसावे लागे. आज घटकेत शंभर रचता येतील, त्यांची बाजूने आणि आमच्याही बाजूने.

आपल्या व्रतकथांत आदित्यराणूबाईची कहाणी आहे. कोंकणीत कथेस काणी म्हणतात आणि मराठीत व्रताच्या कथेस कहाणी. शब्द एकाच कुळीचे. त्या कहाणीत कथा ऐकण्यास उपाशी माणूस शोधावा लागतो, आणि हातातले मोती सांगणाऱ्याने व ऐकणाऱ्याने वाटून घ्यावयाचे असतात. आमच्या आज्यांनी हे मोती केवळ गोष्टीची शोभा म्हणून ठेवले नसावेत. सांगणाऱ्याचे काही पणास लागले पाहिजे आणि ऐकणाऱ्यानेही काही हाती घेऊन बसले पाहिजे, तेव्हा कहाणी फळते. स्टीफन्सने आपली मातृभूमी सोडून आयुष्य पणास लाविले, पदमनजींनी आपली जात व नातीगोती पणास लाविली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले तेव्हा त्यांच्या संसाराचे काय झाले, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे सर्वांस ठाऊक आहे. तरी तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. यांचे म्हणणे मान्य करावयास आम्ही बांधलेले नाही. परंतु त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण वाद घालण्यास समोर कोणीतरी आहे. यंत्राच्या मुठीत मोती नसतो. तेथे वाद घालावयाचा तर तो स्वतःशीच.

हा केवळ साहित्यचर्चेचा विषय नव्हे. देवस्थानांच्या दारापर्यंत तो येऊन ठेपला आहे. उत्सवाची स्मरणिका, स्थळमाहात्म्य, देवस्थानचा पूर्वेतिहास असे लेखन यंत्राकडून करून घेण्याचा मोह आता सर्वत्र होणार. जे घडलेच नाही त्याची सुरेख ओवी, ज्या राजाने कधी सनद दिली नाही त्याची सनद, जो प्रसंग कोणी पाहिला नाही त्याचे वर्णन, हे सारे छापून एकदा पोथीत शिरले की दोन पिढ्यांनंतर ते काढणार कोण? स्थलांतराच्या रात्री देव कोणत्या वाटेने आला, पालखीचा मान कोणाचा, दिवा कोणी लावावा, यांवर आजही घराणी भांडतात. त्या भांडणांचा निवाडा ज्या आठवणींवर होतो त्यांतच भेसळ झाली तर न्याय कोठे मागावयाचा?

म्हणून आमची सूचना अशी आहे. देवस्थानाविषयी जे काही लिहिले जाईल त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे, आणि जे कोणाच्या सांगण्यावरून लिहिले असेल त्या सांगणाऱ्याचे नाव व गाव असावे. यंत्राचे साहाय्य घेतले असेल तर तेही स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. गावोगावचे वृद्ध पुजारी, भाविणींच्या वंशजांच्या घरची गाणी, महाजनांच्या घरची दप्तरे यांची नोंद आताच करून ठेवावी. आणि आपल्या ग्रंथसंग्रहात ख्रिस्तपुराण, यमुनापर्यटन व देवासच्या अष्टमीवर बेतलेली ती कादंबरी यांनाही एक फळी द्यावी. ती पुस्तके आपल्या बाजूची नाहीत, म्हणूनच त्यांतले जे आपल्याविषयी खरे आहे ते अधिक विश्वासाचे. आणि जे खोटे आहे ते खोटे का, हे आपणांस स्वतःच्या शब्दांत सांगावे लागेल. तसे सांगता आले तर आपली श्रद्धा दुबळी होणार नाही, उलट ती बोलकी होईल.